होडीवाल्या व्हॉलंटियर क्लबचा सत्कार करायचाय? शाल-नारळ आणायच्या आधी हे बघून घ्या

दर वर्षी चवथ (गणेशचतुर्थी) झाली की गोव्यात कुठल्या ना कुठल्या गावात विषय निघतोच, की अमुक धक्क्यावरची पोरं विसर्जनाला रात्रभर होडी घेऊन उभी होती, त्यांचा काहीतरी सत्कार करूया. विषय चांगलाच आहे. पण पुढे काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, स्टेजवर दहा मान्यवर, त्यातल्या आठजणांची भाषणं, मग घाईघाईत शाल, नारळ, प्लास्टिकचा मोमेंटो, एक ग्रुप फोटो, आणि ज्याने खरंच वर्षभर शाळेत जाऊन पोरांना लाइफजॅकेट घालायला शिकवलं तो माणूस फोटोत मागच्या रांगेत अर्धा दिसतो, कारण पुढे पंचायतीचे पंच आहेत.

म्हणून हे लिहितोय, पंचायतीसाठी, शाळेसाठी, देवस्थान किंवा चर्चच्या कमिटीसाठी, युवक मंडळासाठी, ज्यांना असा क्लब नीट ओळखून त्याचं नीट कौतुक करायचंय त्यांच्यासाठी. खर्च फार नाही, थोडी चौकशी आणि थोडी अक्कल लागते एवढंच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्याने बुडणाऱ्याला बाहेर काढलं त्याचं कौतुक सगळेच करतात, पेपरात पण येतं. पण ज्यांच्यामुळे कोण बुडलाच नाही त्यांची बातमी होत नाही, आणि क्लबचं नव्वद टक्के काम हे असंच असतं. आपण फक्त उडी मारणाऱ्यालाच हार घालत बसलो तर पुढच्या वर्षी चार पोरं दोरी न घेता, जॅकेट न घालता उडी मारायला तयार होतात. म्हणजे आपला सत्कारच धोका वाढवतो. तेव्हा कंटाळवाण्या कामाला आधी मान द्या, थरारक कामाला नंतर.

क्लब कुठला आणि धंदा कुठला

गोव्यात पाण्यावर काम करणारे खूप आहेत आणि सत्काराच्या यादीत सगळे एकत्र कोंबले की घोळ होतो. किनाऱ्यावरचे लाइफगार्ड 2008 पासून पर्यटन खात्याने नेमलेल्या खाजगी एजन्सीचे आहेत, ती त्यांची नोकरी आहे. फेरीबोटीवरचे लोक नदी परिवहन खात्याचे. पॅरासेलिंग, जेटस्की, डॉल्फिन ट्रीपवाले धंदा करतात. यातल्या कोणी चांगलं काम केलं तर जरूर आभार माना, पण वेगळ्या पत्राने. व्हॉलंटियर क्लब म्हणजे जे स्वतःची होडी, स्वतःचं पेट्रोल, स्वतःचा रविवार घालतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत ते. काहीजण दोन्ही करतात, आठवडाभर ट्रीपा मारतात आणि रविवारी फुकट शिकवतात, तर त्यांच्या फक्त रविवारचं कौतुक करायचं, आणि सर्टिफिकेटचा फोटो तिकीट काउंटरवर जाहिरात म्हणून लावणार नाही असं आधीच बोलून घ्यायचं. अवघड वाटतं बोलायला, पण नंतर भांडण्यापेक्षा बरं.

क्लब रजिस्टर हवाच का, तर नको. नदीकाठच्या गावात कितीतरी ग्रुप असे आहेत की ज्यांचं नाव पण धड नाही, 'धक्क्यावरची पोरां' एवढीच ओळख. मानपत्र द्यायला रजिस्ट्रेशन लागत नाही. पैसे किंवा महागडं सामान द्यायचं असेल तरच 1860 च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी, बँकेत क्लबच्या नावाने खातं, हिशोबाची वही हे बघा, कारण खातं एकाच्या नावावर असलं की दोन वर्षांत क्लब फुटतो. होडीचे कागद मात्र सगळ्यांचे बघायचे. कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याचे असोत की मासेमारीची होडी असेल तर मत्स्योद्योग खात्याचे, पण नंबर पाहिजे. बिनकागदाच्या होडीला पंचायतीने सत्कार केला आणि उद्या काही झालं तर पहिला प्रश्न पंचायतीलाच विचारतील.

चौकशी कोणाकडे करायची

क्लबच्या प्रेसिडेंटकडे सगळ्यात शेवटी. तो चांगलंच सांगणार, त्याचा दोष नाही. आधी फेरीबोटीच्या खलाशाला विचारा, तो दिवसभर पाणीच बघत असतो, कोण जॅकेट घालून जातो आणि कोण बियरची बाटली घेऊन जातो हे त्याला तोंडपाठ असतं. मग शाळेच्या टीचरला विचारा, पोरांना नक्की काय शिकवलं, परत आले होते का की एकदाच येऊन फोटो काढून गेले. आणि सुकतीला (ओहोटीला) पाण्यात उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढणाऱ्या बायकांना विचारायला विसरू नका. कंबरभर पाण्यात उभ्या राहून त्या काम करतात, भरती कधी फिरते ते त्यांना कळतंच, पण कुठली होडी त्यांच्या बाजूने येताना इंजिन कमी करते आणि कुठली लाटा उडवत जाते ते त्यांच्याइतकं कोण सांगणार नाही. जो क्लब त्यांच्याजवळून हळू जातो तो क्लब शिस्तीचा, हा माझा साधा नियम आहे.

मग क्लबची वही मागा. वही नसेल तर व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज दाखव म्हणा, चालतं. चांगल्या वहीत काय असतं? तारीख, जागा, भरती होती की सुकती, किती पोरं, किती जॅकेट नेली आणि किती परत आली, कुठलं फाटलं. एका क्लबची वही मी बघितली, साधी दोनशे पानी, दूधाच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळलेली, कडा पाण्याने फुगलेल्या, आणि एका पानावर नुसतं लिहिलेलं, 'वारा जास्त, पोरांना पाण्यात नेलं नाही, धक्क्यावरच दोरी फेकायची प्रॅक्टिस'. त्या एका ओळीसाठी मी त्यांना पहिला नंबर दिला असता. वारा बघून कार्यक्रम रद्द करणं, ते पण समोर पन्नास उत्साही पोरं असताना, सोपं नसतं हो. ज्या वहीत नुसतं 'रेस्क्यू, रेस्क्यू, रेस्क्यू' लिहिलंय तिथे उलट प्रश्न विचारा, की एवढे रेस्क्यू एकाच जागी होतात तर तिथे बोर्ड का नाही लावला, पंचायतीला पत्र का नाही दिलं.

एकदा स्वतः जाऊन बघा

कागदावर कितीही असू दे, एक सेशन डोळ्याने बघितल्याशिवाय नाव फायनल करू नका. शाळेत जाताना सांगून गेलात तरी चालेल. बघायचं काय ते सांगतो.

एका शाळेत क्लबच्या दोन बायका आलेल्या, दोघी मासळीवाल्या घरातल्या, माइक वगैरे काही नाही. त्यातल्या एकीने चौथीतल्या एका मुलाला मोठ्या माणसाचं जॅकेट घातलं, बक्कल लावलं, आणि विचारलं, बरं बसलंय ना? सगळी पोरं ओरडली, होऽऽ. मग तिने मागे जाऊन दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर उचललं, तर ते सरळ त्याच्या कानांच्या वर, चेहरा आत गायब, नुसते केस दिसतायत. पोरं हसून लोळायला लागली. ती म्हणाली, 'पाण्यात पडलास की अस्संच होणार, जॅकेट तरंगणार आणि तू खाली जाणार.' मग लहान जॅकेट घातलं, मांड्यांच्या मधून जाणारा पट्टा लावला, परत उचललं, मुलगाच चवड्यांवर उचलला गेला पण जॅकेट हललं नाही. तीन मिनिटांचं काम. ती पोरं घरी जाऊन बापाचं जॅकेट उचलून बघणार हे नक्की, आणि असं शिकवणं मानपत्रात लिहायच्या लायकीचं असतं.

शिकवण्यात चूक असेल तर ते पण पकडता आलं पाहिजे. क्रम असा हवा की आधी काठी किंवा बांबू पुढे करा, नाही पोचली तर दोरी किंवा रिकामा कॅन फेका, मग होडी न्या, आणि स्वतः पाण्यात उतरणं अगदी शेवटी, ते पण ज्याला ट्रेनिंग आहे त्यानेच. बाहेर काढलेल्या माणसाचं पोट दाबून पाणी काढायचं किंवा उलटा धरून गोल फिरवायचं असं कोण शिकवत असेल तर तो क्लब यंदा बाजूला ठेवा, कारण त्यात वेळ जातो आणि पोटातलं फुफ्फुसात जाऊ शकतं. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा आणि छाती दाबायची, आणि त्याच वेळी दुसऱ्याने फोन लावायचा. फोन कुठला ते पोरांना पाठ पाहिजे: 112, ॲम्ब्युलन्सला 108, समुद्रात असेल तर कोस्ट गार्डचा 1554. चुकीचं शिकवणारा क्लब मनाने वाईट नसतो, त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं, तर त्यांना सत्काराऐवजी ट्रेनिंग मिळवून द्या. पणजीजवळ राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, जीवरक्षकाचे आणि पॉवरबोट चालवायचे कोर्स तिथे होतात, शिवाय आपत्ती व्यवस्थापनाची 'आपदा मित्र' योजना आहे, व्हॉलंटियरसाठीच. एका दोघांची फी गावाने भरली तर तो मोमेंटोपेक्षा मोठा सन्मान.

आणि त्यांचे स्वतःचेच फोटो बघा, फेसबुकवर असतातच. सगळ्यांच्या अंगात जॅकेट आहे का, चेन लावलेली की नुसतं स्टायलीत उघडं, होडीत माणसं किती, आउटबोर्ड इंजिन चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला किल स्विचची दोरी अडकवलेली आहे का. चालवणारा पडला की ती दोरी सुटून इंजिन बंद होतं, नाहीतर होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. दुसऱ्याला सेफ्टी शिकवणारा स्वतःच ती दोरी इंजिनाला गुंडाळून ठेवत असेल तर काय बोलणार.

कुठलं काम मोठं धरायचं

ही जागा जरा सावकाश वाचा, कारण कमिट्या इथेच चुकतात.

गोव्यात पाण्याचा धोका फक्त बीचवर नाही. बीचवर लाल बावटा असतो, लाइफगार्ड असतो. आत गावात काय असतं? खाजनाच्या (खाऱ्या पाण्याकाठच्या शेतजमिनीच्या) बांधावर मानस, म्हणजे पाणी अडवायचं-सोडायचं दार, असते, तिच्या फळ्या उघडतात तेव्हा पाणी असं ओढतं की मोठा माणूस उभा राहत नाही, आणि नेमकी तिथेच पोरं गळ टाकून बसलेली. चिऱ्याच्या बंद खाणी असतात, पावसात भरतात, वरून शांत हिरवं पाणी दिसतं, कडा सरळ तुटलेल्या, आत गेला की पाय टेकायला जागा नाही. सांजावाला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, 24 जूनला, विहिरीत उड्या मारतात, त्यात पोटात थोडी गेलेली असते. शिवोलीला त्या दिवशी होड्यांची मिरवणूक. 29 जूनला सांगोड, होड्या एकमेकींना बांधून वर माणसं नाचतात. कुंभारजुव्यात चवथीच्या सातव्या दिवशी परत सांगोड. हे सगळं भर पावसाळ्यात, नदीला गढूळ ओढ असताना. तर ज्या क्लबने सांजावाच्या आधी वाड्यावर फिरून सांगितलं की विहिरीत उतरायला दोरी बांधून ठेवा, आतलं पाणी किती ते बघा, आणि प्यायलेल्याला काठावरच बसवा, त्याने किती जणांना वाचवलं ते कधीच मोजता येणार नाही, पण काम पहिल्या नंबरचं.

दुसरं मला आवडणारं काम म्हणजे धक्क्यावरचा भरतीचा बोर्ड. पेपरात किंवा मोबाइलवर जी वेळ येते ती बहुतेक मुरगाव बंदराची. मांडवी नदीत भरती पार गांजेपर्यंत आत चढते, मुखापासून साधारण 50 किलोमीटर, आणि जितकं आत जाल तितकी वेळ मागे पडत जाते. म्हणजे मुरगावची वेळ बघून आतल्या गावात पाण्यात उतरलं की हिशोब चुकलाच. जो क्लब रोज खडूने 'आपल्या धक्क्यावर भरती अमुक वाजता' लिहितो, अमावास्या-पौर्णिमेला खाली 'ओढ जास्त' असं लाल खडूने लिहितो, तो क्लब आपलं पाणी ओळखतो. खर्च किती, खडूचा.

तिसरं, होड्यांची तपासणी. अमेरिकेत हे पद्धतशीर चालतं, तिथे कोस्ट गार्डला जोडून नागरिकांची व्हॉलंटियर संघटना आहे, 1939 पासूनची, आणि पॉवर स्क्वाड्रन्स म्हणून बोटवाल्यांचे क्लब आहेत 1914 पासूनचे. दोघं मिळून लोकांच्या बोटी फुकट तपासून देतात, जॅकेट आहेत का, आग विझवायचं सिलिंडर आहे का, दिवे लागतात का. पास झाली की स्टिकर मिळतो, नापास झाली तर दंड नाही, पोलिसांना पण कळवत नाहीत, फक्त यादी देतात की हे हे दुरुस्त करा. हे आपल्याकडे सहज जमेल. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, माणसं घरी, जाळी शिवत बसलेली, तेव्हा क्लबने वाड्यावर फिरून होड्या बघाव्यात. दंडाचं भय नसलं की लोक स्वतःहून दाखवतात. कुठला क्लब आधीच हे करत असेल तर बाकी काही बघू नका, देऊन टाका.

आणखी पण असतं, नदीतली फाटकी जाळी आणि प्लास्टिक काढणं, पुराच्या वेळी म्हाताऱ्यांना हलवणं, विसर्जनाला उभं राहणं, मुलींना पोहायला शिकवणं. सगळं चांगलं, नोंद करा.

रेस्क्यूचं काय करायचं

रेस्क्यूला मान द्यायचाच, पण वेगळा आणि माणसाच्या नावाने. जीव वाचवण्यासाठी केंद्र सरकारची जीवन रक्षा पदकं आहेत, सर्वोत्तम, उत्तम आणि साधं जीवन रक्षा पदक अशा तीन पायऱ्या, बुडणाऱ्याला वाचवलेलं पण त्यात बसतं. प्रस्ताव राज्य सरकारमार्फत जातो, म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात लवकर विचारा, घटना साधारण दोन वर्षांच्या आतली लागते. पोलिसांची नोंद, डॉक्टरचा कागद, बघणाऱ्यांचे जबाब हे घटना ताजी असतानाच गोळा करा, दोन वर्षांनी कोणाला काही आठवत नाही. गावचा मोमेंटो दिला आणि पदकाचा अर्ज राहून गेला असं होऊ देऊ नका.

आणि ज्याने गर्दी आवरली त्याला पण बोलवा. 2017 च्या मे महिन्यात सावर्डे-कुडचडेला काय झालं आठवत असेल, नदीत उडी घेतलेल्या एकाचा शोध चालू होता आणि बघायला लोक जुन्या पोर्तुगीज काळातल्या पादचारी पुलावर चढले, तो पूलच कोसळला. म्हणजे काठावरची बघ्यांची गर्दी हा वेगळा अपघात असतो. जो व्हॉलंटियर पाण्यात न उतरता दोरी लावून लोकांना मागे ठेवतो त्याचं काम कोणाला दिसत नाही, कारण मोबाइल सगळे पाण्याकडे वळलेले असतात.

वाचलेल्या माणसाला स्टेजवर आणू नका. त्याच्या घरच्यांनी स्वतःहून यायचं म्हटलं तर ठीक. आणि जो वाचला नाही त्याचा फोटो बॅनरवर तर अजिबात नको, हे सांगायला लागू नये पण सांगतोय.

मानपत्र कसं लिहायचं

'आपल्या निःस्वार्थ सेवेने समाजापुढे आदर्श निर्माण केला' असलं लिहिलं की ते कोणालाही चालतं, रक्तदानवाल्याला पण आणि भजनी मंडळाला पण. मानपत्र असं पाहिजे की नाव झाकलं तरी गावातला माणूस सांगेल हे कोणाबद्दल आहे. उदाहरण देतो, आपल्या गावाप्रमाणे बदला:

'या क्लबने वर्षभर धक्क्यावरचा भरतीचा बोर्ड रोज लिहिला. प्राथमिक शाळेत पोरांना लाइफजॅकेट घालायला आणि दोरी फेकायला शिकवलं. मानशीजवळ धोक्याचा फलक लावला आणि तो पावसात पडल्यावर परत उभा केला. विसर्जनाच्या रात्री शेवटची मूर्ती जाईपर्यंत होडी पाण्यात ठेवली. गाव त्यांचं ऋणी आहे.'

बस, एवढंच. पाच वाक्यं, सगळी खरी, सगळी बघितलेली. पडलेला फलक परत उभा केला हे वाक्य गाळू नका, त्यातच सगळं आलं. सगळ्या व्हॉलंटियरची नावं मागच्या बाजूला छापा, इंजिन दुरुस्त करून देणारा मेकॅनिक आणि घरून जेवण पाठवणारी बाई यांच्यासकट, आणि नावं बरोबर लिहा, दोनदा तपासा. मानपत्र मराठीत केलंत तर कोकणीत पण एक प्रत करा, क्लबमध्ये सगळे असतात.

नुसत्या कार्यक्रमावर थांबू नका, ग्रामसभेत ठराव घ्या. पंचायतींच्या नेहमीच्या ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या रविवारी होतात, त्याच्या आधी सचिवाकडे लेखी विषय द्या, म्हणजे आयत्या वेळी 'अध्यक्षांच्या परवानगीने' करत बसायला नको. ठराव इतिवृत्तात गेला की क्लबला उद्या खात्याकडे जाताना, कोणाकडे देणगी मागताना तोच कागद उपयोगी पडतो. शाल कपाटात जाते, ठराव फायलीत राहतो. ठरावात एक कामाचं वाक्य घाला, धक्क्यावर सामान ठेवायला जागा देण्याचं किंवा मानशीवरचा फलक पंचायतीने सांभाळण्याचं.

द्यायचं काय

त्यांनाच विचारा. बहुतेक क्लब सांगतील लहान मुलांच्या साइजची जॅकेटं, कारण मोठ्यांची कोण ना कोण देतो, लहानांची कोणी देत नाही. नाहीतर तरंगणारी दोरी पिशवीतली, चांगला टॉर्च, शिटी, पाण्यात चालणारा वॉकीटॉकी, फर्स्ट एड पेटी, वर्षभराचा अपघात विमा. विमा मला सगळ्यात बरा वाटतो, लोकांसाठी जीव धोक्यात घालणाऱ्या पोराच्या घरच्यांना काही झालं तर हातात काय, याचा विचार सत्कार करणारे करतच नाहीत. देणगीदाराचं नाव जॅकेटवर एवढं मोठं छापू नका की नदीतून जाणारी जाहिरात वाटेल. रिफ्लेक्टरची पट्टी झाकली जाते त्यात, ते वेगळंच.

माणसामाणसाला मान द्यायचा असेल तर पॉवर स्क्वाड्रन्सवाल्यांची एक पद्धत उचलण्यासारखी आहे. तिथे वर्षभर खरंच काम केलेल्या मेंबरला त्या वर्षाचा एक मेरिट मार्क मिळतो, वर्षाला एकच, कितीही काम केलं तरी. असे 25 मार्क जमले की तो आजीव सदस्य, पुढे वर्गणी नाही. म्हणजे एका दिवसात हिरो होता येत नाही, टिकून राहावं लागतं. आपल्याकडे साधा बिल्ला द्या, वर्षाचा आकडा घातलेला. दहा वर्षांनी ज्याच्या टोपीवर दहा बिल्ले आहेत त्याची ओळख करून द्यायला सूत्रसंचालक लागत नाही.

दिवस आणि कार्यक्रम

संयुक्त राष्ट्रांनी 2021 मध्ये 25 जुलै हा बुडण्याच्या घटना रोखण्याचा जागतिक दिवस ठरवला. आपल्याला तो फार सोयीचा आहे, मासेमारी बंदी संपायला आठवडा बाकी, लोक गावात, शाळा चालू, चवथ यायची. पण पाऊस असणार, तेव्हा हॉल घ्या, पाण्यातलं प्रात्यक्षिक नको. प्रात्यक्षिकच पाहिजे तर पाऊस संपल्यावर, 5 डिसेंबरला व्हॉलंटियरांचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो, तो बरा. निवडणुकीची आचारसंहिता लागणार असेल तर तारीख बदला, पंचायतीचा कार्यक्रम मध्येच अडकतो.

धक्क्यावर कार्यक्रम करत असाल तर स्टेज छोटं, क्लबवाले पुढच्या खुर्च्यांवर, भाषणं दोन. भाषणांऐवजी दोरी फेकायची स्पर्धा ठेवा, पंचांना पण फेकायला लावा, लोक त्यालाच थांबतात. पाहुण्यांना होडीतून फिरवायचा मोह झाला तर मोजून माणसं आणि प्रत्येकाला जॅकेट, आमदार असले तरी. 2024 च्या नाताळाला कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एक गेला, वीसजणांना काढावं लागलं, तेव्हा सेफ्टीच्या कार्यक्रमातच सेल्फीसाठी एका बाजूला सगळे झुकलेत असं दृश्य नको. आणि त्या दिवशी क्लबच्या पोरांना खुर्च्या लावायला, पार्किंग बघायला लावू नका हो, त्यांचाच सत्कार आहे.

गावात दोन क्लब असले, एक या वाड्याचा एक त्या वाड्याचा, आणि त्यांचं जमत नसलं, तर पहिला-दुसरा नंबर काढू नका. एकाला शाळेतल्या कामासाठी द्या, दुसऱ्याला विसर्जनासाठी, आणि सामान दोघांना मिळून एकच पेटी द्या, धक्क्यावर ठेवायची.

त्या पेटीला कुलूप नको, किंवा असलंच तर किल्ली जवळच्या दुकानात किंवा फेरीबोटीवर ठेवा आणि पेटीवर तसं लिहा. प्रेसिडेंटच्या घरी किल्ली असते आणि तो नेमका म्हापशाला गेलेला असतो. वापरलेली जॅकेटं गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवायची, उन्हात टाकली की कापड लवकर कुजतं, आणि पावसाळ्याआधी एकदा प्रत्येक बक्कल लावून ओढून बघायचं. हे कोण करणार त्याचं नाव सत्काराच्या दिवशीच ठरवून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून टाका.